कंपनीनं पैसे दिलेलं पीएचडी थिसिसचं बक्षीस, अर्ज करावा का?

करा की, नक्की करा! कंपनी पैसे देते म्हणजे निकालही तीच लावते असं सहसा नसतं, एसीएम या कम्प्युटरवाल्यांच्या जागतिक संघटनेचा डॉक्टरल डिसर्टेशन अवॉर्ड (म्हणजे पीएचडी थिसिसचं बक्षीस) बघा, कम्प्युटर सायन्सचा, 20,000 डॉलर, पैसे गूगलचे पण निवड एसीएमच्या कमिटीची. तरी नियम नीट वाचा, परीक्षकांत कंपनीचं माणूस आहे का तेवढं बघा. आणि बऱ्याच ठिकाणी नाव गाईडनंच पाठवायचं असतं, तेव्हा आत्ताच बोला त्यांच्याशी. आपली खानापूर-निपाणीकडची पोरं बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात, व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात) एवढी राबतात आणि डिग्री मिळाली की थिसिस कपाटात, फार वाईट वाटतं बघा. मात्र कंपन्यांचा पैसा जास्त करून इंजिनीअरिंग-सायन्सकडंच जातो, मराठी-इतिहासवाल्यांनी काय करायचं, त्यांच्यासाठी विद्यापीठानंच काहीतरी ठेवायला पाहिजे.