मारबत आणि ब्रिस्टॉलचा पुतळा

प्रिय मनू,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुझ्या ब्रिस्टॉलमध्ये लोकांनी पुतळा पाण्यात ढकलला ना, ते आपल्या नागपूरच्या मारबतीसारखंच का?" मी घाईत "हो" म्हणालो. ते चुकलंच.

पुतळा होता एडवर्ड कोल्स्टन या इंग्रज व्यापाऱ्याचा. तो वारला १७२१ साली, पुतळा उभा राहिला १८९५ मध्ये. त्यानं गावाला दानधर्म केला, म्हणून पाटीवर त्याचे गोडवे. पण ज्या कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर होता, तिनं आफ्रिकेतली माणसं, लेकरंसुद्धा, जहाजात कोंबून गुलाम म्हणून विकली. त्याचा पाटीवर उल्लेख नाही. लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते. नवी पाटी लावायचं ठरलं, तर शब्दांवरून भांडणं. शेवटी ७ जून २०२० ला दोर बांधून खाली ओढला, बंदराच्या पाण्यात ढकलून दिला. आता तो इथल्या संग्रहालयात आहे. उभा नाही, आडवा! अंगावरचा लाल-निळा रंगही तसाच ठेवलाय. मला ते पटलं.

आता मारबत, म्हणजे तान्ह्या पोळ्याला आपण मिरवत नेऊन जाळतो तो बाईचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते. नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाईनं इंग्रजांना साथ दिली, तिच्यावरचा तो राग, असं आजी सांगते. लहानपणी इतवारीत, नेहरू पुतळ्याजवळ, आबांच्या खांद्यावर बसून मी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची भेट बघायचो. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" ओरडून ओरडून घसा बसायचा. मागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुरुषी पुतळे, यायचे. कधी महागाईचा, कधी एखाद्या पुढाऱ्याचा.

फरक इथंच आहे, पोरी. मारबत बनवतात तीच जाळायला. बांबू, कागद, रंग. पुढच्या वर्षी नवी, आणि बडग्याचं तोंडही नवं. ज्याचा राग असेल त्याचं नाव घ्यायला गावाला दरवर्षी एक दिवस मिळतो. ब्रिस्टॉलच्या चौकात तो कांशाचा माणूस सव्वाशे वर्षं उभा होता, आणि लोकांना असा दिवसच नव्हता.

बाकाबाईचं मात्र मला अजून कोडं आहे. वाडा राखायला निघालेली एक म्हातारी विधवा, तिच्या जागी दुसरं कुणी काय केलं असतं? आजीला विचार. रागावेल, पण सांगेल.

तान्ह्या पोळ्याला मारबतीचा व्हिडिओ पाठव, गर्दीत आबांचा हात सोडू नको. आणि लाकडी बैलाचं चाक निघालंय म्हणालीस, ते आधीच बसवून घे.

तुझा,
बाबा