ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या शहरात सार्वजनिक वाचनालय कसं आलं?

इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या शहरांत वाचनालयं एवढी जुनी कशी आणि ती सामान्य लोकांसाठी कुणी काढली, असं तुम्ही विचारलंय. मी ब्रायटनबद्दल सांगतो, कारण ग्रंथालयशास्त्र शिकताना याच शहरात मी सगळ्यात जास्त रमलो होतो (पुस्तकातून, अर्थात). तिथली पहिली वाचनालयं गावकऱ्यांसाठी नव्हतीच, ती पाहुण्यांसाठी होती. गावाला स्वतःचं वाचनालय मिळायला पुढे शंभरेक वर्षं गेली.

ब्रायटन मुळात कोळ्यांची वस्ती. १७५० मध्ये रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याने आजार बरे होतात असा लॅटिन प्रबंध छापला आणि पैसेवाली मंडळी तिकडे लोटली. खाऱ्या पाण्यात नुसतं डुंबायचं नव्हतं, ते प्यायचंही होतं! एकदा डुबकी मारून झाली की उरलेला दिवस घालवायचा कसा? म्हणून स्टीन या मोकळ्या मैदानाच्या काठाने वर्गणीची वाचनालयं निघाली.

त्यांना वाचनालय म्हणायचं ते सवयीने. कादंबऱ्या आणि लंडनची वर्तमानपत्रं होतीच, पण त्याच दुकानात शोभेच्या वस्तू मिळायच्या, त्यांच्या सोडती निघायच्या, कधी गाणंबजावणंही व्हायचं. खरी किंमत होती वर्गणीदारांच्या वहीला. गावात आलेला माणूस तिथे नाव लिहायचा आणि बाकीचे ती वही चाळून या हंगामात कोण कोण आलंय ते बघायचे. जेन ऑस्टिनच्या ‘सँडिटन’ या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीत नवं सागरी गाव वसवू पाहणारा गृहस्थ वाचनालयात जाऊन ही यादी तपासतो आणि नावं फारच थोडी बघून हिरमुसतो. वाचनालयाच्या यादीवरून गावाचा धंदा जोखायचा, ही कल्पना मला भारी वाटते. बोटी ओढणाऱ्या कोळ्याचं किंवा मोलकरणीचं नाव त्या वहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, वर्गणी परवडणार कुणाला?

चित्र बदललं ते १८५० च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने. विल्यम युअर्ट या खासदाराने तो आणला, पण विरोध एवढा होता की त्याचे दात आधीच पाडून ठेवले. दहा हजारांवर लोकवस्ती हवी, करदात्यांच्या मतदानात दोन तृतीयांश बहुमत हवं आणि कर पौंडामागे फक्त अर्धा पेनी. त्यातही त्या पैशातून इमारत आणि पगार भागवायचे, पुस्तकं घ्यायची नाहीत! पुस्तकं कुणीतरी दान करेल अशी अपेक्षा. १८५५ मध्ये मर्यादा एक पेनी झाली, पुस्तकं घ्यायला परवानगी मिळाली. ती पेनी मात्र १९१९ पर्यंत वाढली नाही.

ब्रायटनला जागेचं मात्र नशीब लाभलं. राणी व्हिक्टोरियाला तिथला रॉयल पॅव्हेलियन हा राजवाडा आवडेना, भर गावात असल्यामुळे एकांत नाही. शेवटी १८५० मध्ये गावानेच तो ५३,००० पौंडांना विकत घेतला. त्याच्याच आवारात, चर्च स्ट्रीटच्या बाजूला, १८७३ मध्ये वाचनालय आणि संग्रहालय सुरू झालं. वर्गणी नाही.

मोफत म्हणजे मोकळं असं समजू नका. त्या काळच्या इंग्लंडमधल्या बहुतेक वाचनालयांत वाचकाला कपाटापर्यंत जाऊच देत नसत. काउंटरवर ‘इंडिकेटर’ नावाची आकड्यांची भलीमोठी चौकट असायची. एका रंगाचा अर्थ पुस्तक आत आहे, दुसऱ्याचा अर्थ बाहेर गेलंय. यादीत नंबर शोधा, चौकटीत रंग बघा, मग कारकुनाकडे मागा. वर्तमानपत्रं उतरत्या फळ्यांवर लावलेली, ती उभ्यानेच वाचायची, म्हणजे कुणी खुर्चीत पेंगत बसायला नको. काही ठिकाणी तर घोड्यांच्या शर्यतीच्या बातम्यांवर शाई फासत. कपाटं वाचकांना खुली करण्याची सुरुवात लंडनच्या क्लार्कनवेलला १८९४ मध्ये झाली, आणि तेव्हा पुस्तकं चोरीला जातील म्हणून ग्रंथपालांमध्येच जोरदार भांडणं जुंपली.

आपल्या दृष्टीने एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या महायुद्धात याच आवारातला पॅव्हेलियन आणि वाचनालयाशेजारची डोम ही घुमटाची इमारत, दोन्हींमध्ये मिळून जखमी भारतीय सैनिकांचं रुग्णालय होतं, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत. धर्म आणि जातीप्रमाणे वेगवेगळी स्वयंपाकघरं होती, नऊ!

शेजारच्या होव्हला, आणि किनाऱ्याने पुढे गेलं की वर्दिंगलाही, १९०८ मध्ये अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याच्या देणगीतून वाचनालयं मिळाली. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून त्याच्या पैशातून अशी सहाशेच्या वर उभी राहिली. त्याची अट एकच महत्त्वाची: इमारत मी देतो, चालवायचा खर्च नगरपालिकेने करातून करायचा. मला विचाराल तर वाचनालयं टिकली ती या अटीमुळे, देणगीच्या आकड्यामुळे नव्हे.

ब्रायटनचं मुख्य वाचनालय २००५ पासून ज्युबिली लायब्ररी या काचेच्या नव्या इमारतीत आहे. जुनी जागा संग्रहालयाकडे गेली, तिकीट काढून ती आतून बघता येते.