राग ‘येतो’ तो मराठीत

सोलापूर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेवरचा तुझा इंग्रजी निबंध वाचला. शब्द छान जमवले आहेस, अर्थही पाठ आहेत. पण ‘आय वॉज व्हेरी एक्साइटमेंट’ आणि ‘आय ॲम प्राइड ऑफ सोलापूर’ ही वाक्यं अडतात. शब्द बरोबर, जागा चुकली.

असं का होतं ते आधी बघ. मराठीत भावना बहुतेक वेळा नाम होऊन येते : मला राग आला, भीती वाटली, आनंद झाला. इंग्रजीत तीच भावना विशेषण होते आणि ‘मला’चा ‘मी’ होतो : आय वॉज अँग्री, आय वॉज अफ्रेड, आय वॉज हॅपी. तुझ्या वहीत ‘प्राइड म्हणजे अभिमान’ एवढंच लिहिलेलं आहे. ‘मला अभिमान आहे’ म्हणायची वेळ आली, तेव्हा तू नामच उचललंस. तिथे हवं होतं ‘प्राउड’.

म्हणून नुसता अर्थ लिहू नकोस. शब्दाचं सगळं घर, म्हणजे त्याचं नाम, विशेषण, क्रियापद, एका पानावर मांड आणि प्रत्येकाचं एक वाक्य कर. ‘डिलाइट’ घे, यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक डोळ्यांसमोर आण :

द प्रोसेशन वॉज डिलाइटफुल.
वी वेअर डिलाइटेड.
द म्युझिक डिलाइटेड द चिल्ड्रन.
द चिल्ड्रन शाउटेड विथ डिलाइट.

पहिल्या दोन वाक्यांत विशेषण, तिसऱ्यात क्रियापद, चौथ्यात नाम. पहिल्या दोनांतला फरक मात्र नीट बघ. आनंद देणारी मिरवणूक डिलाइटफुल, आनंद झालेले आपण डिलाइटेड. बोअरिंग आणि बोअर्डचंही तेच. ‘आय ॲम बोअरिंग’ लिहिलंस की ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ असा अर्थ होतो, आणि तुला तर फक्त कंटाळा आलेला असतो.

शेंगा चटणीबद्दल ‘इट टेस्ट्स डिलिशसली’ लिहिलं आहेस. टेस्ट, स्मेल, लुक, फील, साउंड ही क्रियापदं वस्तू कशी आहे ते सांगतात, तेव्हा पुढे विशेषणच येतं : इट टेस्ट्स डिलिशस. चादरही ‘फील्स सॉफ्ट’, सॉफ्टली नाही. आणि डिलिशस, एक्झॉस्टेड, स्कॉर्चिंग यांच्या आधी ‘व्हेरी’ नको. ‘खूप’ त्यांच्या पोटातच आहे. जोर द्यायचाच तर ‘ॲब्सोल्यूटली’.

शेवटी ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, असं धरून चालू नकोस. फ्रेंडली, लव्हली, लोनली ही विशेषणं आहेत. ‘ही स्पोक फ्रेंडली’ चुकीचं. ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ बरोबर.

शब्दाची जात बदलली, म्हणजे विशेषणाचं नाम झालं, की सोबतचं शब्दयोगी अव्ययही बदलू शकतं, आणि इथे मुलं फार घसरतात. प्राउड ऑफ, पण टेक प्राइड इन. तेव्हा शब्द पाठ करताना सोबतचा ‘ऑफ’, ‘इन’ धरूनच पाठ कर. दिवसाला तीन घरं पुरेत, दहा नकोत.

निबंधात जिथे जिथे ‘मला’ मनात ठेवून लिहिलं आहेस, त्या प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मार. मग तेवढीच वाक्यं नव्याने लिहून पाठव.

तुझे,
सर