मालकानं विचारलं, रायफल येते का

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. न्यूझीलंडला डेअरी फार्मवर नोकरी लागतेय, मुलाखतीत मालकानं विचारलं, रायफल चालवता येते का, आणि तू म्हणून बसलास, "शिकून घेईन." बंदूक तू आजवर फक्त बँकेच्या दारात वॉचमनच्या खांद्यावर पाहिलीस. सोबत बायको आणि पाच वर्षांची पोरगी. शेवटी लिहिलंस, "दादा, खरं सांगा, जमेल का?"

मी २०१४ पासून तिकडे आहे, उत्तर बेटावर मानावातू भागात. आज मात्र गावातच आहे, पांढरकवड्याजवळ, घराच्या ओट्यावर बसून लिहितोय. बाबांच्या नावावरचं वावर वारसांच्या नावावर चढवायला आलो. फेरफारासाठी चौथी चक्कर झाली. माझ्या टीसीवर नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. तुझे कागद आत्ताच एकसारखे करून घे. न्यूझीलंडच्या व्हिसाच्या वेळी याच गोष्टीनं माझे पाच महिने खाल्ले होते आणि आता अकरा वर्षांनी तेच पुन्हा. साहेब म्हणतात, हा माणूस तोच कशावरून? माझ्याच गावात, माझ्याच बापाच्या जमिनीसाठी मला हे विचारतात, तेव्हा फार लागतं.

बंदुकीच्या परवान्याचं वय १६, पहिला परवाना ५ वर्षांचा, लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक, घरी येऊन कपाट तपासणं, हे सगळं त्यांच्या सरकारी साइटवर आहे, ते तिथे वाच. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, त्यानंतर बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, बंदुकांवर बंदी आली आणि २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवणं सुरू झालं. शेतावर आता तुला दिसेल ती बहुतेक बोल्टवाली, दर वेळी हातानं भरायची रायफलच.

"शिकून घेईन" म्हणालास ते बरोबरच केलंस. पण एक गोष्ट पक्की धर. परवाना हातात येईपर्यंत परवानावाला माणूस अगदी शेजारी, हात पोचेल इतका जवळ असल्याशिवाय रायफलला हात लावायचा नाही. मालक घरात चहा पितोय आणि तू शेडमागे एकटा रायफल घेऊन, हे बेकायदा आहे. पकडला गेलास तर नोकरीसोबत व्हिसाही जाऊ शकतो.

हे सांगतो कारण माझ्यावर ती वेळ आली होती. पहिल्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, गाई विण्याच्या हंगामात. एक गाय पाय मोडून चिखलात बसली होती, उठणं शक्य नव्हतं. तेव्हाचा मालक म्हणाला, रायफल कपाटात आहे, तिचं बघून घे. मी म्हटलं, माझ्याकडे परवाना नाही. तो चिडला, स्वतः गेला आणि पुढचे तीन आठवडे पहाटे चारचं दूध एकट्या माझ्याकडे आलं. परवाना हे मी सांगितलेलं कारण. खरं कारण, ती गाय होती. आपल्या घरी पोळ्याला बैलांचे खांदे तुपानं शेकतात, आई त्यांच्या पाया पडते. दोन वर्षांनी, परवाना मिळाल्यावर, दुसऱ्या एका गाईला मी स्वतः सोडवलं. ती फार हालात होती आणि डॉक्टर यायला वेळ लागणार होता. त्या रात्री आईचा फोन आला, काय जेवलास विचारलं. मी सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. तिकडे रायफल लागते ती बऱ्याचदा यासाठी, हे तुला आधी माहीत असावं म्हणून लिहिलं.

आता शिकण्याचं. मला शेजारच्या एका म्हाताऱ्या मेंढीवाल्यानं शिकवलं. पहिले तीन रविवार काडतूस दाखवलंच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी रायफल, तिचा बोल्ट काढून बाजूला ठेवलेला. बोल्ट म्हणजे आपल्या जुन्या दाराची आडवी कडी समज. मूठ वर उचलायची, मागे ओढायची, की दार उघडलं. पुढे ढकलून मूठ खाली पाडली, की बंद. पुढे ढकलताना तो मॅगझिनमधलं, म्हणजे काडतुसांच्या पेटीतलं, वरचं काडतूस आपल्यासोबत चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत नेतो. सगळी यंत्रणा एवढीच आहे आणि अपघातही इथेच होतात.

मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी झाली, असं नवीन माणसाला वाटतं. चेंबरमध्ये एक काडतूस राहिलेलं असू शकतं. म्हणून आधी नळी अशा दिशेला, जिकडे चुकून बार निघाला तरी कुणाला लागणार नाही. मग मॅगझिन काढ. मग बोल्ट पूर्ण मागे. मग डोळ्यानं चेंबर बघ आणि करंगळी आत घालून बघ, कारण संध्याकाळच्या उजेडात डोळा फसतो. क्रम उलटा केलास, आधी बोल्ट ओढून एक काडतूस उडवलंस आणि मॅगझिन तसंच ठेवून बोल्ट पुढे ढकललास, तर दुसरं आत जाऊन बसलं. तुझ्या मनात मात्र रायफल रिकामी.

सेफ्टीचं, म्हणजे चाप अडवणाऱ्या खटक्याचंही असंच. काही रायफलींचा बोल्ट सेफ्टी लावलेली असताना उघडत नाही. म्हणजे रिकामी करायलाच आधी सेफ्टी काढावी लागते आणि त्या क्षणी काडतूस आत असतं. बोट चापापासून लांब आणि नळी योग्य दिशेला, एवढंच तेव्हा तुझ्या हातात. म्हातारा चालताना चेंबर कायम रिकामा ठेवायचा. समोर जनावर, मागे डोंगराची माती, नेम धरून झाला, मगच काडतूस पुढे. तारेचं कुंपण ओलांडायचं तर रायफल रिकामी करून बोल्ट उघडा. दुसऱ्याच्या हातात द्यायची तरी बोल्ट उघडा. देणाऱ्यानं बघितलं तरी घेणारा पुन्हा बघतो आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

चाप ओढला आणि नुसतं खट् झालं तर गडबडून बोल्ट ओढू नको. नळी तिकडेच ठेवून मिनिटभर थांब, काडतूस उशिरा पेटू शकतं. आणि बार नेहमीपेक्षा हलका वाटला तर तिथेच थांब. रायफल रिकामी कर, बोल्ट काढ, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघ. गोळी आत अडकली असेल आणि मागून दुसरी सोडलीस तर नळी फाटते. चिखलात घसरून नळीचं तोंड मातीत गेलं तरी तसंच. नळीवर कोरलेला बोअर आणि काडतुसाच्या बुडावरचा आकडा दर वेळी जुळवून बघ. पॉइंट ३०८ बोअरची गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, लहानशी बावीसचीसुद्धा एक किलोमीटरच्या पलीकडे जाते. आपल्या गावाच्या हिशेबात, आमच्या वावरातून सोडलेली शेजारच्या गावाच्या पाणवठ्यावर. आणि घरी आल्यावर बोल्ट एका ठिकाणी, काडतुसं दुसऱ्या कुलपात. माझ्या पोरीला चावी कुठे असते ते आजही माहीत नाही.

आणि दुर्बीण. रायफलीवरची नव्हे, गळ्यातली. रायफलीवरच्या दुर्बिणीतून "ते काय आहे" बघायला गेलास की नळी त्याच्यावर रोखली गेलीच. ते माणूस असलं तर? तिकडे हरीण समजून माणूस मारल्याचे प्रकार झालेत, आणि मारणारा बहुतेक वेळा सोबतचाच. जनावर आहे याची तिळमात्र शंका उरली तर झाडायचं नाही, हा त्यांचा चौथा नियम. वर्गात तो नियम शिकवला तेव्हा मी उठून बाहेर गेलो होतो.

१९९९ ची गोष्ट. मी पंधरा वर्षांचा. हिवाळ्यात तूर डोक्याबरोबर झालेली आणि रोज रात्री डुकरं. माझ्या मोठेबाबांकडे, बाबांच्या थोरल्या भावाकडे, पीक संरक्षणाच्या परवान्याची एकनळी बारा बोअर होती. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, एरवी जागलीला सोबत. बहुतेक वेळा हवेतच बार काढत. त्या रात्री बॅटरी माझ्या हातात होती. धुऱ्याकडची, बांधाजवळची तूर हलली. मी बॅटरी मारली, काळी पाठ दिसली, वाकलेली. मी ओरडलो, "मारा मोठेबाबा, डुक्कर होय, मारा!"

त्यांनी बंदूक खांद्याला लावलीच नाही. एवढंच म्हणाले, "पयले मुंडकं दिसू दे."

तूर पुन्हा हलली आणि माझे बाबा खोकलले. अंगावर काळी घोंगडी, वाकून पायातला काटा काढत होते. मोठेबाबांनी बंदूक मधून उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं आणि धाकट्या भावाला म्हणाले, "आवाज देत येत जाय ना बावा." मी काय ओरडलो ते बाबांना ऐकू गेलं होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. मोठेबाबांनी विषय काढला नाही, मीही नाही.

बाबा एप्रिल २०२१ मध्ये गेले. त्याच महिन्यात न्यूझीलंडनं भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. निघालो असतो तर परत कधी घेतील याचा भरवसा नव्हता, आणि बायको-पोरगी तिकडे. मी गेलो नाही. अंत्यविधी फोनवर पाहिला. माझ्या बंदुकीच्या परवान्यावर माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये त्यांचं नाव छापलेलं आहे.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस, पण परवान्याचा फॉर्मच ते विचारतो. त्यात दोन माणसं द्यावी लागतात. एक घरातलं आणि एक नात्याबाहेरचं, तुम्हाला चांगलं ओळखणारं. पहिल्या रकान्यात बायकोचं नाव लिहिलं. दुसरा रकाना दोन महिने कोरा राहिला. इथे पारावर उभा राहिलो तर चाळीस माणसं माझ्या आज्यापासून सांगतील. तिथे दोन वर्षं राहून एक नाव नव्हतं. शेवटी त्या मेंढीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मी तुला ओळखत नाही, तू रविवारी येत जा, मग बघू. ते रविवार असे सुरू झाले. पुढे पोलिसांकडून एक बाई आली, तिनं माझ्या बायकोला वेगळं बसवून विचारलं, हा रागीट आहे का, तुला याची कधी भीती वाटली का. बायकोला इतक्या वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. तो कायदा मला तेव्हापासून आवडतो.

मानावातूच्या रानात सांबर आहेत, आपले सांबर. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी सिलोनहून आणून सोडलेले. आपल्याकडे हात लावला तर जेल, तिकडे शिकार चालते. एकदा संध्याकाळी म्हाताऱ्यासोबत गेलो असताना झाडीतून सांबराचा ढाँक करून आवाज आला. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला तो आवाज आला की आपण समजतो, वाघ फिरतोय. तिथे वाघ नाही. ते माझ्यावरच ओरडलं होतं. म्हाताऱ्यानं खुणेनं विचारलं, काडतूस पुढे घेतोस? मी बोल्ट उघडाच ठेवला आणि तसाच किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. त्यानं नंतर काही विचारलं नाही.

पोरीचं मात्र नीट ऐक. तिकडे पाच वर्षं पूर्ण झाली की मूल शाळेत जातं. माझीला खालच्या गटात बसवलं आणि बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं, घरी इंग्रजीच बोला, म्हणजे ती मागे पडणार नाही. आम्ही नवीन होतो, घाबरलेले होतो. ऐकलं. आमचं मोडकं इंग्रजी आम्ही घरात बोलत राहिलो आणि तिची भाषा गेली. इंग्रजी तिला वर्षभरात शाळेतच आलं असतं, आलंच. ती आता चौदा वर्षांची आहे. परवा माझ्या आईनं तिला विचारलं, "जेवली का वं माय?" तिनं माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून. आईनंही माझ्याकडे पाहिलं. याचा राग माझ्या मनातून जात नाही, त्या बाईंवरचाही आणि माझ्यावरचाही. तू घरात वऱ्हाडीच बोल. शाळेतून चिठ्ठी आली तरी बोल.

जमेल का, विचारलंस. रायफल जमेल, सहा महिन्यांत. मालकाला आजच मेल टाक की आजवर कधी हातात धरलेली नाही, परवाना काढेन, तोवर तुम्ही शेजारी उभे राहून शिकवा. यावर तो कुरकुरला तर ती नोकरी घेऊ नको.

दुसऱ्या रकान्यासाठी माझं नाव देता येईल. पण "चांगलं ओळखतो" असं मी खोटं सांगणार नाही, त्यांनी फोन केला तर खरं ते सांगेन. मी संक्रांतीपर्यंत गावात आहे. उद्या-परवा संध्याकाळी ये, तूर अजून उभी आहे, धुऱ्यावर बसू. पोरीलाही आण, आईला बोलायला कुणीतरी होईल. आणि अंधार पडल्यावर वावरात शिरशील तर आवाज देत ये.