मुंबईहून मांडवीला (कच्छ) बदली झाली आहे; दोन दिवस जाऊन पाहिलं तर तिथे राहता येईल का ते कळेल का?

दोन दिवसांत गाव पाहून होईल, पण राहता येईल का ते कळणार नाही. जमलं तर चार दिवस काढा. मी मुलुंडची. बदली झाली म्हणून दीड वर्ष मांडवीत एकटी राहिले, म्हणून हे लिहिते आहे.

बांद्रा टर्मिनसहून संध्याकाळी सुटणारी कच्छ एक्स्प्रेस सकाळी भुजला पोचवते. मांडवीला रेल्वे नाही, पुढचे साठेक किलोमीटर रस्त्याने. विजय विलास पॅलेस आणि समुद्रकिनारा पहिल्याच दिवशी उरका. क्रांतितीर्थ या श्यामजी कृष्णवर्मांच्या स्मारकाला मात्र घाईत जाऊ नका. हे क्रांतिकारक मांडवीचे, जन्म १८५७. सावरकर लंडनला राहिले ते इंडिया हाऊस हे भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह त्यांनीच उभं केलेलं; त्याची प्रतिकृती स्मारकात आहे. १९३० साली श्यामजी जिनिव्हात वारले, आणि अस्थी मायदेशी यायला २००३ उजाडलं.

बाकीचे दिवस रुक्मावती नदीच्या काठी घालवा. गावाचा जीव तिथे आहे. पुलाजवळच नदीपात्रात लाकडी गलबतं बांधली जातात, आणि हे काम सुमारे चारशे वर्षं चालू आहे. तीन मजली इमारतीएवढा सांगाडा, खाली उभं राहिलं की बरगड्यांमधून आभाळ दिसतं. तळाला आयात केलेलं साल वृक्षाचं लाकूड, बरगड्यांना बाभळीची मुळातच वाकडी वाढलेली लाकडं. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून भरतात. मोठं गलबत व्हायला दोन-दोन वर्षं लागतात. मी गलबताचा कागदावरचा आराखडा शोधत होते. मिस्त्री डोक्याकडे बोट दाखवून हसले. आत जायचं तर आधी विचारा, खारवा मंडळी (इथला दर्यावर्दी समाज) अडवत नाहीत, पण चालू कामात मध्ये उभं राहिलेलं त्यांना चालत नाही.

आता राहण्याचं. जुन्या गावातले बोळ अरुंद आहेत, गाडी असेल तर बाहेरच्या बाजूला घर बघा. मला घर दाखवताना प्रत्येकाने आधी 'मांसाहार करता का' हे विचारलं, तेव्हा ते पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. मोठ्या दुखण्याला भुज गाठावं लागतं. घरात वयस्कर माणसं असतील तर याचा खरंच विचार करा. घरात लोक कच्छी बोलतात, ती गुजरातीहून वेगळी आणि सिंधीला जवळची. पण बाजारात गुजराती-हिंदीवर भागतं. उन्हाळ्यात भुज भाजून निघतं तेव्हा इथे समुद्रावरचा वारा असतो. आणि दाबेली मूळची इथलीच, आपल्या नाक्यावरची खाऊन तिच्याबद्दल मत बनवू नका.

मला पहिले तीन महिने फार जड गेले. आठनंतर रस्ते शांत, ओळखीचं कुणी नाही. मग मी रोज ऑफिस सुटल्यावर पुलावर थांबायला लागले. एका गलबताच्या नुसत्या बरगड्या उभ्या होत्या. पावसाळा संपला तेव्हा फळ्या अर्ध्यावर आल्या होत्या, दिवाळीनंतर वरच्या काठापर्यंत. एव्हाना तिथले सुतार मला नावाने हाक मारायचे. ते गलबत पाण्यात जाण्याआधीच माझी मुंबईला बदली झाली. भरतीच्या पाण्यात ते उतरलं त्या दिवशी सुतारांपैकी एकाने फोन करून नुसता तिथला आवाज ऐकवला, आणि मी मुलुंड स्टेशनच्या जिन्यावर बाजूला उभी राहून तो शेवटपर्यंत ऐकला.