डोंगरगावातले यजमानपण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

डोंगरातल्या लहान शहरांत आपले घर किंवा घराचा एखादा मजला सुट्टीपुरता पाहुण्यांना देणाऱ्या वाचकांची काही पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्तीनंतर डोंगरातल्या एका शहरात राहायला आलो आणि घराचा वरचा मजला पाहुण्यांना देऊ लागलो. घर आवडल्याचे सगळेच सांगतात, पण मुक्काम मात्र अनेकांचा विस्कटतो. लोक रात्री थकून पोहोचतात, दुसऱ्या दिवशी पहाटेच बाहेर पडून चार ठिकाणे पाहतात आणि डोके धरून परत येतात. आसपासच्या सर्व प्रेक्षणीय स्थळांची अंतरांसह यादी आम्ही छापून खोलीत ठेवली आहे. तरीही असे का व्हावे? स्वागतात आमचे काही चुकते का?

उत्तर : तुमच्या आस्थेत काही उणे नाही, पण त्या यादीकडे पुन्हा एकदा पाहा, असे मी आग्रहाने सुचवीन. तिच्यात ठिकाणाचे नाव आणि किलोमीटर आहेत. सपाटीवरून आलेला माणूस बारा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटे असा हिशेब मनात घेऊनच येतो, त्यामुळे यादी वाचता वाचता तो चार ठिकाणे एका दिवसात बसवून मोकळा होतो. डोंगरात अंतर मोजायचे ते वेळेने आणि चढाने. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो : दर पाच किलोमीटर चालीला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. म्हणजे सहा किलोमीटरची पायवाट सहाशे मीटर चढत असेल, तर धडधाकट माणसाला कुठेही न थांबता सव्वादोन तास लागतील. मुले, छायाचित्रे आणि विसावा धरला तर तीन तासांहून अधिक वेळ सहज जाईल, आणि उतरायचे ते निराळेच. तुमच्या यादीत प्रत्येक ठिकाणापुढे किलोमीटरऐवजी घरातून निघण्याची वेळ, एकूण चढ आणि कोणत्याही परिस्थितीत परत फिरण्याची वेळ, एवढ्या तीन गोष्टी लिहा. पाहुणे आपणच चाराची दोन ठिकाणे करतील.

आता डोकेदुखीविषयी. तुमचे शहर किती उंचीवर आहे हे पत्रात नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरवर हवेचा दाब सपाटीच्या सुमारे चार पंचमांश उरतो आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. या उंचीवर बहुतेकांना जिना चढताना धाप लागण्यापलीकडे त्रास होत नाही. सुमारे 2500 मीटरच्या वर मात्र उंचीचा आजार गंभीरपणे लक्षात घ्यावा लागतो. तो पोहोचल्याबरोबर दिसत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा पहिल्याच रात्री, डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे आणि झोप मोडणे अशी लक्षणे सुरू होतात. पाहुणा ते प्रवासाच्या किंवा जेवणाच्या माथी मारतो आणि सकाळी आणखी उंचावरच्या ठिकाणी निघतो. इथे यजमानाच्या एका वाक्याला फार किंमत आहे : डोके दुखत असेल तर आज वर जायचे नाही. विश्रांतीने बरे वाटले नाही किंवा त्रास वाढला तर खाली उतरावे. चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसले, तर रात्र असली तरी पाहुण्याला तत्काळ खाली नेण्याची आणि डॉक्टरांकडे पोहोचवण्याची व्यवस्था करायला हवी. जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक आणि तिथे पोहोचायला रात्री लागणारा वेळ दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावलेला असावा.

म्हणून पहिला दिवस शरीराला त्या उंचीची सवय होण्यासाठी राखून ठेवा, असे माझे ठाम मत आहे. पाहुणे आल्यावर घराच्या आसपास अर्ध्या-पाऊण तासाची सोपी फेरी सुचवा, पाणी भरपूर प्यायला सांगा, त्या संध्याकाळी मद्य टाळणे बरे हेही संकोच न करता सांगा आणि त्यांना लवकर झोपू द्या. त्या फेरीसाठी एखादी जागा तुम्ही स्वतः निवडून ठेवली असेल, जिथून संध्याकाळचा उजेड समोरच्या कड्यावर पडलेला दिसतो, तर पहिला दिवस वाया गेला असे कुणालाही वाटणार नाही.

स्वागताची सुरुवात खरे तर दोन दिवस आधीच्या निरोपापासून व्हायला हवी. शेवटचा घाट उजेडी पार होईल अशा बेताने निघा, इंधन पायथ्याशी भरून घ्या, पुढे मोबाईलची रेंज जाते म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि नकाशा ज्या वळणावर चुकीच्या गल्लीत नेतो ते वळण अमुक, असा तो निरोप असावा. सोबत फाटकाचे दिवसा काढलेले छायाचित्र जोडा. कपड्यांविषयी नुसते ‘थंडी असते’ असे लिहू नका. दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पायथ्याशी तीस अंश असताना 2000 मीटर उंच असलेल्या गावात साधारण सतराच भरतील, हे आकड्यांत लिहिले की लोक स्वेटर बॅगेत टाकतात. उन्हाचेही तसेच आहे. हवा गार असल्याने ऊन जाणवत नाही, मात्र दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढत जाते. टोपी आणि गॉगल विसरणाऱ्यांसाठी दोन जादा टोप्या खुंटीवर ठेवणे हे मला घरातल्या कोणत्याही शोभेच्या वस्तूपेक्षा मोलाचे वाटते.

स्वयंपाकघरातही एक चिठ्ठी लावा. 2000 मीटरवर पाणी सुमारे 93 अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात काहीही शिजायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. हे माहीत नसलेला पाहुणा गॅसला किंवा भांड्यांना दोष देतो. एक चांगला प्रेशर कुकर ठेवला की प्रश्न मिटतो.

प्रश्न : आमच्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल असे एक शिखर, एक तलाव आणि खोल दरीतला एक धबधबा आहे. पाहुणे नेहमी विचारतात, आधी कुठे जावे? आम्ही ‘तुमच्या सोयीने’ असे उत्तर देतो. याहून नेमके काही सांगता येईल का?

उत्तर : सांगता येईल, आणि सांगायलाच हवे, कारण पाहुण्याची सोय कशात आहे हे त्याच्यापेक्षा तुम्हाला अधिक माहीत आहे.

शिखर सकाळचे. सूर्य वर आला की डोंगरउतार तापतात, त्यांना लागून असलेली दमट हवा वर चढू लागते आणि दुपारपर्यंत तिचे ढग होतात. उष्ण हंगामात वादळी पाऊस आणि विजा दुपारनंतर येतात त्या यामुळेच. म्हणून माथ्यावर पोहोचायचे ते दुपारच्या आत, आणि ढग उभे वाढताना दिसले की उरलेला टप्पा कितीही थोडा असला तरी परत फिरायचे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजायला पाहुण्यांना शिकवा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी कडा, एकटे झाड आणि उघडे पठार सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

सकाळी गावात धुके असले तर पाहुणे हिरमुसून खोलीत बसतात. वारा नसलेल्या निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारांवरून घरंगळत दरीत साचते आणि धुके तिच्यातच धरते. वरचा माथा तेव्हा पुष्कळदा स्वच्छ उन्हात असतो. तुमचे गाव दरीत असेल तर अशा पहाटे पाहुण्यांना आवर्जून वर धाडा. पायाखाली ढगांचा समुद्र पसरलेला पाहण्याचे ते क्षण त्यांच्या हातून निसटू नयेत.

धबधब्याविषयी मात्र सावध करा. शिखराच्या वाटेवर चढ आधी असतो आणि दमलेले पाय उतरत घरी येतात. दरीत उतरणाऱ्या वाटेवर नेमके उलट घडते. जाताना सगळे हसत-खेळत अर्ध्या तासात खाली पोहोचतात, पण परतीचा पूर्ण चढ भूक, तहान आणि ऊन यांच्यासह पुढ्यात येतो. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला राखून ठेवा आणि निम्मे पाणी परतीसाठी उरले पाहिजे, एवढी सूचना पुरेशी आहे. वरच्या भागात पाऊस झाला असेल तर धबधब्याच्या कुंडात उतरू देऊ नका, कारण खाली आकाश कोरडे असतानाही पाणी अचानक वाढू शकते.

तलाव राहिला तो आल्याच्या किंवा जाण्याच्या दिवसासाठी. फक्त एक सांगा : पंचांगात किंवा फोनवर दिसणारी सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते. पश्चिमेला उंच कडा असेल तर सूर्य त्याच्याआड तासभर आधीही जातो आणि गारठा लगेच उतरतो.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना उताराचे शिक्षण हवे. लांब उतारावर ब्रेकवर सतत पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये गाडी चढवली असती त्याच खालच्या गिअरमध्ये ती उतरवावी आणि ब्रेक थोडा वेळ दाबून सोडावा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत.

प्रश्न : थंडीच्या दिवसांत पाहुणे रात्री खोलीत कोळशाची शेगडी मागतात. आम्ही खिडकी थोडी उघडी ठेवण्याच्या अटीवर ती देतो. हे योग्य आहे ना?

उत्तर : नाही. ही शेगडी आजपासून बंद करा. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. थंडी वाढली की माणूस मध्यरात्री उठून खिडकी लावून घेतोच, तेव्हा अर्धवट उघड्या खिडकीवर कुणाचा जीव सोपवता येत नाही. विजेचा हीटर, जाड रजई, गरम पाण्याची पिशवी आणि दारांच्या फटींना पट्टी अशी व्यवस्था करा. गॅसचा गिझर स्नानगृहाच्या आत असेल तर तो बाहेर हलवा. घरात गॅसवर किंवा लाकडावर चालणारे काहीही असेल, तर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म बसवा आणि त्याची बॅटरी प्रत्येक नव्या पाहुण्यापूर्वी तपासा.

प्रश्न : मागच्या महिन्यात एक कुटुंब संध्याकाळी सातला येतो म्हणून गेले ते रात्री दहा वाजता परतले. फोन लागत नव्हता. कुणाला कळवावे की थांबावे, हेच आम्हाला सुचेना. पाहुणे मोठी माणसे आहेत, त्यांच्या येण्या-जाण्याची चौकशी करणे हा आगाऊपणा ठरत नाही का?

उत्तर : तुमचा संकोच मी समजू शकतो. सुट्टीवर आलेल्या माणसाला कुणी हिशेब विचारलेला आवडत नाही, आणि यजमानाने पाहुण्याच्या खासगी वेळेत डोकावू नये हेही खरेच आहे. म्हणून चौकशी तोंडी करण्यापेक्षा दाराजवळ एक वही ठेवा आणि चाव्या देताना तिची ओळख करून द्या. कुठे जात आहोत, कोणत्या वाटेने, किती जण, गाडीचा क्रमांक, परतण्याची वेळ, आणि ‘या वेळेपर्यंत आलो नाही तर मदत बोलवा’ अशी आणखी एक वेळ, एवढे रकाने पुरेत. ती दुसरी वेळ पाहुण्यांनीच लिहिलेली असल्याने तुम्हाला थांबावे की कळवावे असा पेच उरत नाही. ती उलटली की स्थानिक पोलीस किंवा बचाव पथक यांना वहीतला मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवायचा. स्वतः टॉर्च घेऊन अंधारात शोधायला निघू नका. कळवल्यानंतर घरी, फोनपाशी कुणीतरी थांबणे अधिक आवश्यक असते.

वहीच्या मुखपृष्ठाच्या आत दोन ओळी चिकटवा. पहिली अशी की, थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन अंगाला लागून आतल्या खिशात ठेवावा. दुसरी डोंगरातल्या संकटखुणेची : एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवावी किंवा टॉर्च चमकवावी, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच करावे, उत्तर मिनिटाला तीन खुणांनी येते. ही पद्धत 1894 पासून आल्प्समध्ये प्रचारात आली. शिट्ट्या स्वस्त असतात. प्रत्येक चावीच्या जुडग्याला एक बांधून ठेवा, म्हणजे बाहेर पडताना ती पाहुण्यांच्या खिशात आपोआपच जाईल.