अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉल : सहायक प्रशिक्षकाच्या नोकरीविषयी

नागपुरात आठ वर्षे विद्यापीठाच्या संघाला शिकवून झाली आहेत, पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षक पदविकाही हाती आहे, तर अमेरिकेतील एखाद्या कॉलेजात थेट सहायक प्रशिक्षक म्हणून लागता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. थेट लागणे जवळजवळ अशक्य आहे, आणि त्याला कारण तुमचे ज्ञान नसून ही नोकरी देण्याची येथील रीत आहे.

सहायकाची नेमणूक कागदोपत्री कॉलेज करते, पण माणूस मुख्य प्रशिक्षक निवडतो, आणि निवडलेला माणूस बहुधा त्याच्याच हाताखाली खेळलेला किंवा पूर्वी सोबत काम केलेला असतो. जाहिरात निघते तेव्हा नाव बरेचदा ठरलेले असते. याचीच दुसरी बाजू अशी की मुख्य प्रशिक्षक गेला की सहायकांचेही चंबूगबाळे आवरले जाते. माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या मुख्य प्रशिक्षकांना काढल्याचे मला खेळाडूंच्या तोंडून कळले, आणि खोलीचा भाडेकरार मात्र पुढे सात महिने गळ्यात राहिला. शिवाय तुमचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला असेल, तर प्रश्न केवळ भाड्याचा उरत नाही.

म्हणून परदेशी माणसाला त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊन संघात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता संघाचे काम करणारा मदतनीस, होणे. यात बहुधा शुल्कमाफी आणि थोडे विद्यावेतन मिळते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि या कामाला तर घड्याळ ठाऊक नसते. मर्यादा तुम्हालाच सांभाळावी लागेल. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयातले काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, पण क्रीडा व्यवस्थापनासारख्या विषयाला विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची २४ महिन्यांची वाढ नाही. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी विद्यापीठांना सोडतीची अट नाही, ही जमेची बाजू. मात्र या पदाला विशिष्ट विषयाचीच पदवी लागते हे पटवून द्यावे लागते, आणि प्रशिक्षकांचे अर्ज तेथेच अडतात.

कामाचे म्हणाल तर मैदानावरचा वेळ त्यात सर्वांत कमी. प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यांचे चित्रीकरण पाहून त्याच्या चाली वेगळ्या काढणे, त्यावर टिपण लिहिणे, बस आणि जेवणाची सोय पाहणे, आणि सर्वांवर कडी म्हणजे खेळाडू मिळवणे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आल्यापासून ही भरती वर्षभर डोक्यावर असते. येथील शाळा-क्लबांच्या प्रशिक्षकांशी ओळखी नसणे हा आपला खरा उणेपणा आहे. चित्रीकरणाचे विश्लेषण मात्र आपण कोणाइतकेही चांगले करू शकतो, फक्त २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू टाकण्याची सवय मोडावी लागेल. येथे ताबा ३० सेकंदांचा असतो, आणि पुरुषांचा सामना अजूनही २०-२० मिनिटांच्या दोन अर्धांत होतो. २०२३ च्या जुलैपासून पहिल्या श्रेणीतील संघांना आणखी दोन सहायक ठेवण्याची मुभा मिळाली, पण बाहेर फिरून भरती करण्याची परवानगी त्या दोघांना दिली नव्हती. येथे ओळखी नसलेल्या तुमच्यासारख्याने अशाच जागांवर डोळा ठेवावा.

वेतनाबद्दल मोठ्या आशा नकोत. १९९१ मध्ये कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेने एका सहायकाची वर्षाची कमाई १६,००० डॉलरवर रोखण्याचा नियम केला होता; प्रशिक्षक न्यायालयात गेले, नियम बेकायदा ठरला, आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. आता तशी मर्यादा नाही, पण लहान कॉलेजांतील पगार अजूनही बेताचेच आहेत. बढतीही नशिबावर आहे : नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या हाताखाली रॉय विल्यम्स १० वर्षे राहिले आणि १९८८ मध्ये कॅन्सास विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले; त्याच बाकावरचे बिल गथ्रिज ३० वर्षे सहायकच होते.

अर्ज करताना कॉलेजच्या नावाला भुलू नका. त्या मुख्य प्रशिक्षकाचे जुने सहायक आज कोठे आहेत ते आधी पाहा. पहिल्या पत्रासोबत प्रमाणपत्रांची चळत नको, स्वतः विश्लेषण केलेल्या एका सामन्याचे पाच मिनिटांचे चित्रीकरण जोडा. मी चाळीसेक पत्रे पाठवली होती. उत्तरे दोन आली, आणि दोन्ही त्या चित्रीकरणाबद्दल होती.